गुन्हे मालिकांमधल्या चुका कशा पकडायच्या: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गुन्हे मालिका बघताना आपण नकळत तपास अधिकारी होतो. टेबलावरचा ग्लास मघाशी अर्धा होता, आता काठोकाठ भरलाय. मग मधल्या वेळात खोलीत कोणी येऊन गेलं का? कौटुंबिक मालिकेत हा प्रश्न मनात येत नाही. इथे येतो, आणि इथेच नवखा माणूस फसतो. तो ग्लास लेखकाने मुद्दाम ठेवलेला धागा असू शकतो, किंवा पुढचा टेक (त्याच प्रसंगाचं पुन्हा एकदा केलेलं चित्रीकरण) सुरू होण्यापूर्वी सेटवरच्या कोणीतरी तो पुन्हा भरलेला असू शकतो. पडद्यावर दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. चुका शोधायचं खरं कसब या दोघांना वेगळं करण्यात आहे. नजर तीक्ष्ण असणं त्यामानाने सोपं.

चूक होते कुठे

आधी चित्रीकरण कसं चालतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. मालिका गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाही. पोलीस ठाण्यातले सगळे प्रसंग एकत्र उरकतात, शवागाराचे एकत्र, रस्त्यावरचे एकत्र. पाचव्या मिनिटाला दार उघडून बाहेर पडणारा माणूस आणि दाराच्या पलीकडे रस्त्यावर येणारा तोच माणूस, यांच्यात प्रत्यक्षात कित्येक दिवसांचं अंतर असू शकतं. मधल्या काळात त्याने केस कापले असतील.

एका प्रसंगाच्या आतसुद्धा असंच. दोन माणसांचं संभाषण असेल तर बहुतेक वेळा आधी ते अख्खं लांबून घेतात, मग एकाचे क्लोजअप घेतात. त्यानंतर दिवे हलवून, कॅमेरा फिरवून दुसऱ्याचे. प्रत्येक वेळी नटाने कप त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलायला हवा. हे सांभाळायला सेटवर स्क्रिप्ट सुपरवायझर असतो किंवा असते. कुठल्या शब्दाला कप उचलला, बाही किती दुमडली होती, सिगारेट किती उरली होती, हे सगळं ती व्यक्ती टिपून ठेवते. पूर्वी त्यासाठी पोलरॉइडचे फोटो काढत, आता टॅबलेटवर काम होतं. तरीही शेवटी संकलक वाक्याचा पूर्वार्ध एका टेकमधून उचलतो आणि उत्तर दुसऱ्याच टेकमधून. ठिगळ तिथे लागतं. म्हणून सुरुवातीला शॉटच्या आत शोधत बसू नका, कटवर शोधा, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या जोडावर.

आणि एक गोष्ट मनाशी धरा. तुम्हाला दिसलेली चूक संकलकाला बहुधा आधीच दिसलेली असते. वॉल्टर मर्च या नामवंत संकलकाने कट करताना काय किती महत्त्वाचं, याची टक्केवारीच मांडून ठेवली आहे. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०. आणि माणसं-वस्तू आपल्या जागी आहेत की नाहीत, याला सगळ्यात शेवटी फक्त ४. ज्या टेकमध्ये नटीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, तो टेक केवळ कप डाव्या हातात आहे म्हणून कोणी टाकून देत नाही. मला तरी हा निर्णय बरोबर वाटतो.

पहिल्यांदा नुसतं बघा

भाग पहिल्यांदा बघताना काही शोधू नका. गोष्ट कळल्याशिवाय काय बदलायला हवं होतं आणि काय नको, हे ठरवता येत नाही. शिवाय गोष्टीत गुंतलेला मेंदू तपशील गाळत असतो, आणि तो किती गाळतो याला मर्यादा नाही. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात छोट्या फिल्ममध्ये कटनंतर चक्क नटच बदलला होता. सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांनी त्याची दखलही घेतली नाही. तेव्हा पहिल्या फेरीत काही सापडलं नाही म्हणून हिरमुसू नका.

सरावासाठी चौकशीच्या खोलीतला प्रसंग निवडा. जवळपास प्रत्येक गुन्हे मालिकेत तो असतोच. दोन-तीन माणसं, एक टेबल, वर कप, फाइल, पेन, कधी बेड्या. प्रसंग लांब आणि कट भरपूर. पाठलागाच्या प्रसंगातही चुका खच्चून भरलेल्या असतात, पण तिथे सगळंच इतकं हलत असतं की नवख्याचा गोंधळ उडतो. ते नंतर.

आवाज बंद करा. संवाद ऐकू आले की डोळे तोंडाकडे जातात, आणि चुका हातांकडे असतात. मग एका फेरीत एकच वस्तू धरा. पहिल्या फेरीत फक्त हात: घडी घातलेले, टेबलावर टेकलेले, हनुवटीखाली? दुसऱ्या फेरीत कपातलं पेय. तिसऱ्या फेरीत कॉलर आणि केस. सगळं एकदम बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही.

कट आला की थांबवा आणि एकेक फ्रेम पुढेमागे करा. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी 'ई' हे बटण एक फ्रेम पुढे नेतं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवल्यावर स्वल्पविरामाचं बटण मागे आणि पूर्णविरामाचं पुढे नेतं. कटच्या आधीची शेवटची फ्रेम आणि नंतरची पहिली, या दोनच चित्रांची तुलना करायची आहे.

धागा की चूक

समजा ग्लास सापडला: अर्धा होता, आता भरलेला. लगेच जल्लोष नको. पुढचे तीन-चार कट बघा. ग्लास पुन्हा अर्धा झाला, मग पुन्हा भरला, असं होत असेल तर ती निर्विवाद चूक. कारण उघड आहे: संकलक दोन वेगळ्या टेकमधले तुकडे आलटून पालटून जोडतोय, त्यामुळे दोन्ही टेकमधले ग्लास आळीपाळीने दिसतात. धागा असा ये-जा करत नाही. लेखकाने पेरलेला बदल एकदा होतो आणि तसाच राहतो. खुंटीवरून गेलेली किल्ली प्रसंग संपेपर्यंत गेलेलीच राहते.

दुसरी कसोटी कॅमेऱ्याची. निर्मात्यांना एखादी गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यायची असेल तर तिला निदान एकदा पडद्यावर मोकळी जागा मिळते. म्हणजे वेगळा क्लोजअप, किंवा पात्राची तिच्याकडे वळलेली नजर, किंवा शॉट जरा जास्त वेळ रेंगाळणं. हुशार मालिका हे फार चोरून करतात, पण करतात. मागे धूसर दिसणाऱ्या कपाटावरची फुलदाणी डावीकडून उजवीकडे गेली आणि तिच्याकडे कॅमेऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही, तर ती बहुतेक सफाई करताना हलली.

फ्लॅशबॅकच्या बाबतीत मात्र हे दोन्ही नियम बाजूला ठेवा. साक्षीदार घटना आठवतो तेव्हा खोलीचा रंग, कोटाचा रंग, वस्तूंच्या जागा मूळ प्रसंगापेक्षा वेगळ्या दिसल्या तर आधी संशय साक्षीदारावर घ्या. तो खोटं बोलत असेल, किंवा त्याला चुकीचं आठवत असेल. अनेक कथानकं नेमकी यावरच उभी असतात. शेवटचा भाग बघून होईपर्यंत अशी नोंद पेन्सिलीने लिहिलेली बरी. 'मागील भागात' म्हणून दाखवतात त्या तुकड्यांचंही असंच: तिथे कधी कधी वेगळा टेक वापरलेला असतो. शब्द जरा बदललेले दिसले तर त्याचा कथेशी संबंध जोडू नका.

गुन्हे मालिकेतल्या खास जागा

सगळ्यात फलदायी जागा म्हणजे प्रेत. ते जिवंत माणसाने वठवलेलं असतं, आणि जिवंत माणसाला श्वास घ्यावा लागतो. छाती आणि पोट तर बघाच, पण मानेवरची शीर आणि पापण्या जास्त दगा देतात. म्हणूनच शवागारात चेहऱ्याचे शॉट छोटे असतात, किंवा कॅमेरा डॉक्टरवर राहतो आणि प्रेताचा फक्त पाय दिसतो. काही वेळा चित्रच गोठवतात. अशा वेळी प्रेताभोवतीच्या पडद्याची सळसळ किंवा धूरही अचानक थांबलेला दिसतो.

नंतर रक्त. खरं रक्त सुकत जातं तसं तपकिरी, काळपट होतं. सेटवरचं रक्त तासन्‌तास लालभडक राहतं, कारण दिवसभराच्या चित्रीकरणासाठी ते तसंच राहायला हवं असतं. डागाचा आकार बघा: शर्टावरचा डाग लांबच्या शॉटमध्ये तळहाताएवढा आणि जवळच्या शॉटमध्ये त्याच्या दुप्पट, हे नेहमीचं. जखम डाव्या भुवईवर की उजव्या, बेड्या हातांच्या पुढे की मागे, गोळी लागलेला माणूस कुठल्या पायाने लंगडतोय, हे प्रत्येक भागात एकदा तपासा.

एक जागा फारसं कोणी बघत नाही, ती म्हणजे तपासाच्या फळ्यावरचे घटनास्थळाचे फोटो. हे फोटो बहुधा त्या प्रसंगाच्या चित्रीकरणापेक्षा वेगळ्या वेळी काढलेले असतात. मूळ प्रसंगातलं प्रेत थांबवून बघा, हाताची स्थिती, पावलांची दिशा, शेजारची खुर्ची नोंदवा, आणि मग फळ्यावरच्या फोटोशी ताडा. फळ्यावर लिहिलेल्या तारखाही वाचा. भिंतीवरचं घड्याळ, मोबाइलच्या कोपऱ्यातली वेळ, शवविच्छेदनाच्या अहवालावरची तारीख, या सगळ्या गोष्टी कागदावर एका रेषेत मांडल्या की भागाचा काळच कोलमडतो, असं कधी कधी होतं. तारीख आणि वार दोन्ही दिले असतील तर कॅलेंडर उघडून जुळवा.

गाडीतल्या प्रसंगात आसनांची डोकी टेकायची उशी आणि समोरचा आरसा गायब आहे का बघा. मागच्या माणसाचा चेहरा दिसावा म्हणून ते काढून ठेवतात आणि बाहेरच्या शॉटमध्ये ते परत उगवतात. चालक स्टिअरिंग सतत हलवतोय आणि मागचा रस्ता सरळसोट, हे तर तुम्हाला आधीपासूनच माहीत असेल.

कधी कधी एखाद्या शॉटमध्ये माणूस उगाच वेगळा वाटतो आणि कारण सापडत नाही. तेव्हा शर्टाचा खिसा बघा. छातीवरचा एकुलता खिसा सहसा डावीकडे असतो. तो उजवीकडे गेला, भांगही उलट्या बाजूला गेला, तर संकलकाने शॉट आरशासारखा उलटवला आहे. दोन माणसं एकमेकांकडे बघतायत असं वाटण्यासाठी नजरेची दिशा जुळवावी लागते, आणि चित्रीकरणात ती चुकली असेल तर हा शेवटचा उपाय. मागे कुठे अक्षरं असतील तर पुरावा पक्का.

कॅमेऱ्यामागचं जग पडद्यावर

बूम माइक, म्हणजे लांब काठीला लावून नटांच्या डोक्यावर धरलेला माइक, वरून डोकावणं ही सगळ्यांच्या ओळखीची चूक, पण आता ती पूर्वीइतकी दिसत नाही. माइकची भिंतीवरची सावली जास्त सापडते. प्रतिबिंबं तपासा: गाडीच्या काचा, चष्मा, बंद टीव्हीचा पडदा, चमकदार किटली. जमिनीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या नटाने कुठे थांबायचं याच्या खुणा असतात.

जुनी मालिका नव्या रूपात बघत असाल तर चौकटीच्या कडा बारकाईने बघा. चौकोनी, म्हणजे ४:३ पडद्यासाठी चित्रित केलेली मालिका रुंद १६:९ मध्ये आणली की आधी झाकलेला भाग उघडा पडतो. 'द वायर' ही अमेरिकी गुन्हे मालिका २०१४ मध्ये अशी रुंद रूपात आली, तेव्हा कडेला दिसू लागलेली माणसं आणि उपकरणं एकेक करून पुसावी लागली होती. सगळ्याच मालिकांवर एवढे कष्ट घेतले जात नाहीत. अशा चुकीची नोंद करताना आवृत्ती लिहायलाच हवी, कारण मूळ प्रसारणात ती नव्हतीच.

चूक वाटते, पण नसते

रात्री रस्ता ओला आहे आणि पावसाचा पत्ता नाही. नवख्यांच्या वहीत ही नोंद हमखास असते, आणि ती खोडावी लागते. ओल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं, काळं डांबर जिवंत होतं, म्हणून छायाचित्रकार रस्त्यावर मुद्दाम पाणी मारून घेतात. फोन नंबर खोटा वाटतो, तोही मुद्दाम. अमेरिकी मालिकांमधले ५५५-०१ ने सुरू होणारे क्रमांक कथांसाठी राखून ठेवलेले आहेत, आणि ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्थाही असे क्रमांक वेगळे ठेवते. संगणकाच्या पडद्यावर आयपी पत्त्यात (इंटरनेटवर संगणक ओळखण्याच्या क्रमांकात) ३१२ सारखा आकडा दिसला तर तंत्रज्ञ प्रेक्षक हसतात, कारण आयपी पत्त्याच्या जुन्या आणि सर्वपरिचित पद्धतीत त्यातला कुठलाही आकडा २५५ च्या वर जात नाही. पण खऱ्या माणसाचा पत्ता पडद्यावर येऊ नये यासाठीही असं करतात.

शास्त्रातल्या चुका हा वेगळा कप्पा आहे, त्या कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात तपशील जुळण्याच्या, यादीत घुसवू नका. रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटल्यावर रिकामं काडतूस बाहेर उडत नाही. सायलेन्सर लावला म्हणून बंदूक कुजबुजत नाही. हृदयाची रेषा पूर्ण सपाट झाल्यावर विजेचा झटका देऊन उपयोग नसतो. या चुका लेखनात किंवा ध्वनिमिश्रणात झालेल्या असतात; त्या पकडायला नजर लागत नाही, माहिती लागते.

प्रेताच्या बाबतीत मात्र हे दोन्ही कप्पे एकमेकांत मिसळतात. मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत जबडा आणि मानेपासून ताठरपणा सुरू होतो, बारा तासांच्या सुमारास सगळं शरीर ताठ होतं, आणि पुढे दिवस-दीड दिवसात ते पुन्हा सैल पडतं. हवामानाप्रमाणे यात बरंच कमीजास्त होतं. रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साकळतं आणि काही तासांनी ते डाग पक्के होतात. प्रेत पालथं सापडलं आणि डाग पाठीवर असले, तर कोणीतरी ते हलवलेलं आहे. डॉक्टरने हे बोलून दाखवलं तर धागा. पूर्ण भागात कोणी चकार शब्द काढला नाही, तर रंगभूषा करणाऱ्याला प्रेत कसं पडणार आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

नोंद आणि खात्री

नोंदीत मालिका, हंगाम, भाग, मिनिट-सेकंद, कटच्या आधी काय, नंतर काय, आणि कुठल्या आवृत्तीत बघितलं, एवढं हवं. 'कोट बदलतो' असं लिहून भागत नाही. 'कोटाची दोन बटणं लावलेली, कटनंतर एक' असं लिहा. शेजारी तुमचा अंदाजही लिहा: दोन टेकची सरमिसळ, उलटवलेला शॉट, नंतर भरलेला आवाज. शेवटचा प्रकार ओळखायला एक खूण आहे. पात्र पाठमोरं असताना एखादं महत्त्वाचं वाक्य आलं आणि खोलीचा आवाज किंचित बदलला, तर ते वाक्य चित्रीकरणानंतर रेकॉर्ड करून घातलेलं असण्याची शक्यता मोठी. बहुतेक वेळा कथेतलं भगदाड बुजवण्यासाठी.

दुसऱ्याच्या यादीतली चूक स्वतः बघितल्याशिवाय पुढे सांगू नका. कोलंबो या गाजलेल्या गुप्तहेराचं पहिलं नाव निर्मात्यांनी कधी सांगितलंच नाही. फ्रेड वर्थ नावाच्या कोशकाराने आपल्या माहितीकोशात ते 'फिलिप' असं मुद्दाम खोटं घातलं, कोणी चोरी केली तर पकडता यावी म्हणून. 'ट्रिव्हियल पर्सूट' या खेळात तेच नाव उत्तर म्हणून आलं आणि १९८४ मध्ये त्याने ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. दावा तो हरला, पण 'फिलिप' बराच काळ फिरत राहिला. इकडे १९७१ च्या एका भागात कोलंबोचं ओळखपत्र क्षणभर दिसतं, आणि चित्र थांबवून बघितलं तर त्यावर 'फ्रँक' वाचता येतं. ते वाचलं जाईल असं तेव्हा कोणाला वाटलं नसणार. त्या काळच्या घरच्या टीव्हीवर ते वाचता येणं कठीणच होतं.

अनेक हंगामांवर पसरलेल्या विसंगती हा धीराचा खेळ आहे. बहिणीचं नाव, बदलीचं वर्ष, जुनी जखम अशा गोष्टींची पात्रागणिक एक यादी ठेवा. हा प्रकार टीव्हीच्या आधीपासूनचा आहे: शेरलॉक होम्सच्या कथांमध्ये डॉ. वॉटसनला गोळी आधी खांद्याला लागते आणि पुढे पायाला. २०१० साली आलेल्या बीबीसीच्या 'शेरलॉक'ने त्यातून वाट काढली. तिथे जखम खांद्याला आहे आणि लंगडणं मानसिक. चूक झाली तरी पुढचा लेखक तिचा धागा करू शकतो, म्हणून अशा नोंदी पुढचा हंगाम येईपर्यंत बंद करू नयेत.

कटच नसलेला भाग समोर आला तर वरची निम्मी पद्धत निकामी होते. 'सीआयडी'ने २००४ मध्ये १११ मिनिटांचा भाग एका सलग टेकमध्ये केला होता. २०२५ च्या 'अ‍ॅडोलेसन्स'चे चारही भाग प्रत्येकी एकाच टेकमध्ये आहेत. तिथे ग्लास आपोआप भरत नाही. तिथे कॅमेरा एका माणसावरून निघून परत त्याच्यावर येईपर्यंत खोलीत काय काय हललं ते बघा, आणि कॅमेरा दारातून जाताना काचांमध्ये कोण दिसतं तेही.